अतिवृष्टी, ओढ्याचा पूर आणि शाळा सोडण्याचा निर्णय

प्रास्ताविक

पुराचा पाठ वर्गात निघाला म्हणजे आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थी बहुधा कोकणाचे किंवा मुंबईचे उदाहरण देतात. पाठ्यपुस्तके व वृत्तपत्रे यांतून तीच चित्रे त्यांच्यासमोर आलेली असतात. मराठवाडा हा अवर्षणाचा प्रदेश, येथे पाण्याची वाट पाहावयाची असते, पाण्याचे भय बाळगावयाचे नसते, अशी समजूत मोठ्या माणसांतही आढळते. ही समजूत अपुरी आहे, आणि शाळेच्या दृष्टीने ती धोक्याचीही आहे.

दिनांक १७ व १८ ऑगस्ट २०२५ च्या दरम्यानच्या रात्री आपल्याच नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लातूर, उदगीर व कर्नाटकाच्या बाजूनेही पाण्याचे लोंढे आले. लेंडी नदीच्या परिसरातील रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले. एकट्या रावणगावी दोनशेहून अधिक माणसे पाण्याने वेढली गेली. आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर सैन्याचीही मदत मागवावी लागली. हसनाळ येथे प्राणहानी झाली. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सुमारे ९०० मिलिमीटर धरला, तर एका दिवसात जवळजवळ पाव वर्षाचा पाऊस पडला असे म्हणावे लागेल.

ती रात्र रविवारची होती. मुले आपापल्या घरी होती. हाच पाऊस सोमवारी दुपारी दोन वाजता शाळा भरलेली असताना आला असता, तर प्रत्येक मुख्याध्यापकापुढे एकच प्रश्न उभा राहिला असता : मुलांना घरी सोडावे की शाळेत थांबवून घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर ऐन पावसात शोधावे लागू नये, त्याची तयारी आधीच व्हावी, या हेतूने नायगाव व शेजारच्या तालुक्यांतील शिक्षकांसाठी पुढील विवेचन केले आहे.

१. अतिवृष्टी कशास म्हणावे

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे प्रमाण विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसवावे. सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा हिशेब भारतीय हवामान विभाग ठेवतो. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर हा जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ हा अतिजोरदार, आणि २०४.५ किंवा अधिक हा अत्यंत जोरदार, अशी त्या विभागाची प्रतवारी आहे. आपल्या राज्यात महसुली कामासाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास त्यास अतिवृष्टी म्हणतात.

अलीकडे कोणत्याही मोठ्या पावसास ‘ढगफुटी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शिक्षकाने हा शब्द जपून वापरावा. लहानशा क्षेत्रावर एका तासात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाला तरच शास्त्रीय अर्थाने ढगफुटी होते. चोवीस तासांच्या आकड्यावरून ती ठरविता येत नाही. हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. ओढ्याला पूर येतो तो दिवसभराच्या बेरजेने नव्हे, तर पाऊस किती थोड्या वेळात पडला त्यावरून. दिवसभर रिमझिम पडलेला ५० मिलिमीटर पाऊस जमिनीस उपकारक ठरतो, आणि तोच दीड-दोन तासांत कोसळला तर रस्ता वाहून नेतो.

मोठ्या पावसाचे प्रमाण वाढत असल्याचे निरीक्षणांवरून दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर संशोधकांसह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर पडणाऱ्या अत्यंत जोरदार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या प्रवाहातील चढउतार त्यांनी यास कारण दाखविले. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, परंतु त्याचे बाष्प बालाघाटाच्या माथ्यावर येऊन रिते होऊ शकते.

२. कोकणचा पूर व आपला पूर

कोकणातील नद्या आखूड आहेत. सह्याद्रीच्या उभ्या उतारावरून त्या काही तासांत समुद्रास मिळतात. घाटावर मोठा पाऊस आणि त्याच वेळी समुद्रास भरती असा योग आला की नदीचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगते आणि काठच्या वस्तीत पसरते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, ते अशाच परिस्थितीत. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही भरतीने पाण्याचा निचरा रोखला होता.

आपल्याकडे समुद्र नाही, पण भरतीसारखा अडथळा मात्र आहे. तो म्हणजे तुडुंब भरलेली गोदावरी. नायगाव तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते. कंधारकडून येणारी मन्याड पुढे मांजरेस मिळते, उदगीर-मुखेडकडून येणारी लेंडीही मांजरेसच मिळते, आणि मांजरा गोदावरीस मिळते. मोठी नदी दुथडी भरून वाहत असली की तिला मिळणाऱ्या लहान नदीचे पाणी तोंडाशीच अडते. लहान नदीस मिळणारा ओढा तिच्याशी अडतो. गावचा ओढा शांत दिसत असतानाही शिवारात पाणी मागे सरकू लागते, त्याचे कारण बहुधा हे असते. जुनी माणसे यास ‘फुगवटा’ म्हणतात, व तो शब्द नेमका आहे.

दुसरा फरक उताराचा. कंधार-मुखेड भागात बालाघाटाचे डोंगर आहेत. तेथून पूर्वेकडे व उत्तरेकडे जमीन उतरत जाते, आणि नायगाव, बिलोली, धर्माबाद हा प्रदेश सखल पडतो. माथ्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या गावात पोहोचतो. यास्तव आपल्या अंगणात ऊन पडले आहे, म्हणून आपला ओढा सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढणे चूक होय.

तिसरा मुद्दा जमिनीचा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून खोल जाते, आणि जूनमधील मोठा पाऊसही पुष्कळदा ओढ्यापर्यंत पोहोचत नाही. परंतु ही माती ओली झाली की फुगते, भेगा बुजतात आणि पाणी मुरण्याचा वेग फार कमी होतो. म्हणून जूनमध्ये निभावून गेलेला पाऊसच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पूर आणतो. ‘एवढा पाऊस तर मागेही झाला होता, काही झाले नाही’ हे वाक्य पालकांच्या तोंडी नेहमी येते. त्यावर शिक्षकाने विचारावे की, तो पाऊस कोणत्या महिन्यात झाला होता व त्यापूर्वी आठ दिवस जमीन कोरडी होती की ओली?

३. मोठ्या नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर

हे दोन पूर निरनिराळे आहेत, आणि त्यांच्याशी वागण्याची रीतही निरनिराळी आहे.

गोदावरीचा पूर सांगून येतो. पैठणच्या जायकवाडी धरणातून किंवा नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पातून पाणी सोडण्यापूर्वी सूचना दिली जाते. बारूळच्या धरणातून मन्याडेत पाणी सोडतानाही काठच्या गावांना कळविले जाते. तलाठी, पोलीस पाटील, ग्रामपंचायत यांच्यामार्फत निरोप येण्यास अवधी मिळतो.

ओढ्याचा पूर असा निरोप देत नाही. एक हिशेब पाहावा. समजा, गावच्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर आहे व त्यावर दोन तासांत ५० मिलिमीटर पाऊस पडला. एकूण पाणी झाले ५ लक्ष घनमीटर. जमीन आधीच ओली असल्याने त्यातील निम्मे वाहून आले असे धरले, तरी २५ कोटी लिटर पाणी त्या एका ओढ्याच्या पात्रातून जाऊ पाहते. पाण्याचा वेग सेकंदास दोन मीटर धरल्यास ते तासाभरात सात किलोमीटर अंतर कापते. म्हणजे वरच्या शिवारात पाऊस पडल्यापासून खालच्या फरशी पुलावर लोंढा येईपर्यंत जेमतेम एका तासिकेचा वा दोन तासिकांचा अवधी हाती असतो.

पुराचे बळही समजून घ्यावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. घोट्याच्या वर, सुमारे १५ सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी प्रौढ माणसाचा पाय उचलू शकते. ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते, आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने गुडघाभर वाहते पाणी हे खोल पाणीच होय. शिवाय ते गढूळ असते, खालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली हे दिसत नाही. ‘हात धरून पार करू’ हा उपाय पुरात उपयोगी पडत नाही, कारण एकाचा पाय सुटला की साखळीतील सर्वांचा तोल जातो.

लोंढा येण्यापूर्वी काही खुणा दिसतात : निवळ पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या, पाचोळा व फेस वाहत येणे, वरच्या अंगाने घोंघावल्यासारखा आवाज येणे, येथे पाऊस नसताना पाण्याची पातळी चढणे. यांपैकी एकही खूण दिसली तरी काठावरून त्वरित वर जावे. खात्री करून घेण्यासाठी थांबू नये.

४. शाळा सोडणे म्हणजे सुरक्षितता नव्हे

आभाळ भरून आले की ‘मुलांना लवकर सोडा’ असा आग्रह सुरू होतो. पालक म्हणतात, मुलांनाही हवे असते, आणि शिक्षकासही आपल्या गावी परतावयाचे असते. या आग्रहामागे सद्भाव असतो, पण त्यात एक गृहीत धरलेले असते की घराची वाट मोकळी आहे. ज्या शाळेची सर्व मुले ओढ्याच्या एकाच बाजूस राहतात तेथे पाऊस वाढण्यापूर्वी शाळा सोडणे योग्यच ठरेल. पण ज्या शाळेत वाडी, तांडा किंवा शेतवस्तीवरून मुले येतात, तेथे अवेळी शाळा सोडणे म्हणजे मुलांना पक्क्या इमारतीतून काढून नेमके पाण्याच्या वाटेवर पाठविणे होय.

२६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईतील कित्येक शाळांनी मुलांना रात्रभर वर्गातच ठेवून घेतले. पालकांची रात्र काळजीत गेली खरी, पण वाहत्या रस्त्यांपेक्षा वर्ग सुरक्षित होता. खेड्यातील शाळेसही हाच नियम लागू आहे.

म्हणून सोडण्यापूर्वी मुख्याध्यापकाने तीन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. पहिला, प्रत्येक मुलाच्या वाटेवर ओढा, फरशी पूल किंवा सखल पांदण आहे काय? दुसरा, या क्षणी त्या ठिकाणी पाणी किती आहे, हे प्रत्यक्ष पाहून कोणी सांगितले आहे काय? तिसरा, वरच्या गावांत पाऊस कसा आहे? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तरच मुले सोडावीत. एका प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यास त्या वाटेची मुले थांबवावीत, इतरांना पालकांच्या स्वाधीन करावे.

पालक न्यावयास आले तरी ते ओढा ओलांडून परत जाणार आहेत काय, हे विचारावे. तसे असेल तर पालकांसही आदराने थांबवून घ्यावे. अशा वेळी शिक्षकाचा शब्द गावात मानला जातो, आणि तो न संकोचता वापरावा.

५. पावसाळ्यापूर्वीची तयारी

जून महिन्यात शाळा उघडताच पुढील कामे उरकावीत.

(अ) वाटांची नोंदवही : प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, वस्ती, वाटेवरील ओढा वा पूल, पालकाचा दूरध्वनी, आणि ओढ्याच्या अलीकडे राहणाऱ्या एखाद्या आप्ताचे किंवा ओळखीच्या कुटुंबाचे नाव. अडकलेल्या मुलास रात्री तेथे ठेवता येते.

(आ) वरच्या गावाशी संधान : ओढ्याच्या वरच्या अंगास असलेल्या गावातील शिक्षकाशी आधीच बोलून ठेवावे. तेथे पाऊस कोसळू लागला की त्यांनी खाली कळवावे, आपण आपल्या खालच्या गावास कळवावे. जिल्हा परिषदेच्या शाळा गावोगाव आहेत, त्यामुळे ही साखळी उभी करणे शिक्षकांस अवघड नाही.

(इ) पाण्याची खूण : ग्रामपंचायतीच्या साहाय्याने पुलाच्या खांबावर किंवा काठावरील दगडावर ठळक रंगाने पातळीच्या रेघा काढाव्यात. लांबून दिसतील अशाच काढाव्यात. ती पाहण्यास विद्यार्थ्यास कदापि पाठवू नये.

(ई) शाळेतील जागा : इमारतीतील सर्वांत उंच व पक्की खोली कोणती, विजेचा मुख्य खटका कोठे आहे, दप्तर कोणत्या फळीवर ठेवावयाचे, हे ठरवावे. शाळाच ओढ्याकाठी असेल तर मुलांना हलविण्याची दुसरी उंच जागा, जसे मंदिर, समाजमंदिर किंवा गढीवरील पक्के घर, सरपंचांशी बोलून निश्चित करावी.

(उ) शिधा व उजेड : पोषण आहाराचे तांदूळ व डाळ एक वेळ शिजवता येईल इतके सरपण वा गॅस, झाकलेले पिण्याचे पाणी, विजेरी व प्रथमोपचार पेटी तयार असावी.

(ऊ) सूचना : हवामान विभागाच्या इशाऱ्यांत पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे कृती करा. नारिंगी इशारा आला की दुरून येणाऱ्या मुलांचा विचार आदल्या सायंकाळीच करावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ व तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असावेत.

६. पाऊस थांबल्यानंतर

पाऊस उघडला म्हणजे धोका संपला असे नाही. आपल्या भागात मातीच्या भिंतींची व माळवदाची घरे अजून पुष्कळ आहेत. माळवदाची माती पाणी पिऊन जड होते व भिंतींचा पाया भिजतो. अशी भिंत कित्येकदा पाऊस चालू असताना उभी राहते आणि उघडीप पडल्यावर कोसळते. मुलांना जुन्या भिंतींच्या आडोशास बसू देऊ नये. ज्यांच्या घरी अशा भिंती आहेत त्यांच्या पालकांस सांगावे.

विहिरींचे व हातपंपांचे पाणी दूषित झालेले असते. आरोग्य विभागाने शुद्धीकरण करीपर्यंत पाणी उकळून प्यावे. पुराच्या पाण्याबरोबर साप उंच व कोरड्या जागी आश्रय घेतात, म्हणून वर्ग उघडताना कोपरे व बाके आधी मोठ्या माणसाने पाहावीत. ज्यांची पुस्तके भिजली त्यांची यादी करून केंद्रप्रमुखांकडे पाठवावी. शाळेत न येणाऱ्या मुलाच्या घरी शिक्षकाने स्वतः जावे. पुरानंतर गैरहजर राहिलेले मूल पुष्कळदा घरच्या नुकसानीमुळे कामास लागलेले असते, आणि ते तसेच शाळेबाहेर राहण्याचा संभव असतो.

७. पाठांची टाचणे

गणित : सरळ भिंतीचा डबा उघड्या जागी, भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजावे. नोंद फळ्यावर लिहावी. शाळेचे छत १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असल्यास २०६ मिलिमीटर पावसात त्यावर १२,३६० लिटर पाणी पडते, हे मुलांकडून करवून घ्यावे.

भूगोल : हिवाळ्यात, ओढा आटलेला असताना, वरच्या वर्गांची सहल ओढ्याच्या उगमाकडे न्यावी. पाणी कोठून कोठे वाहते, कोणता बांध ते अडवितो, कोणते पाझर तलाव वाटेत आहेत, हे पाहून मुलांनी गावच्या पाणलोटाचा नकाशा काढावा.

विज्ञान : एका तिरप्या पाटीवर कोरडी काळी माती व दुसऱ्या पाटीवर भिजवून दाबलेली माती पसरावी. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी ओतून खाली जमा झालेले पाणी मोजावे. जून व ऑगस्टमधील फरक कोणत्याही व्याख्यानापेक्षा या प्रयोगाने चांगला समजतो.

भाषा : आजी-आजोबांस विचारून गावात आलेल्या जुन्या पुरांची माहिती लिहून आणावी. पाणी कोणत्या ओट्यापर्यंत, कोणत्या पारापर्यंत आले होते, हे त्यात असावे. या निबंधांतून मिळालेल्या खुणा शाळेच्या नकाशावर मांडल्या तर गावचा पूररेषेचा नकाशा तयार होतो, आणि तो ग्रामपंचायतीसही उपयोगी पडतो.

समारोप

पूर थांबविणे शिक्षकाच्या हाती नाही. धरणे, पूल व रस्ते ही इतरांची कामे आहेत, आणि ती होईपर्यंत फरशी पुलांवरून पाणी जातच राहणार. परंतु दुपारी घंटा वाजवावी की वाजवू नये, हे सर्वस्वी शिक्षकाच्या हाती आहे. प्रत्येक शाळेने या महिन्याच्या शिक्षक सभेत वाटांची नोंदवही पूर्ण करून ती शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवावी, आणि ‘पाणी असता मूल शाळेत थांबेल’ हा नियम पालकांच्या संमतीने ठरावात लिहून घ्यावा. आधी झालेला ठराव ऐन पावसात शिक्षकाच्या पाठीशी उभा राहतो, आणि काळजीत पडलेल्या पालकासही आपले मूल कोठे आहे हे निश्चित ठाऊक असते.